व्यक्ती क्रमांक ४१७

"ताई, हे कुणाला पत्रं लिहायला लागलंय?"

निवृत्ती काका प्रिंटरपाशी कमरेवर हात ठेवून उभे होते. मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागलेली, त्यामुळे कचेरीचा रस्ता ओस पडलेला. झेरॉक्सवाले, टायपिंगवाले, स्टँपवाले सगळे शटर ओढून घरी गेलेले. आमच्या ऑफिसात मी आणि काका दोघंच होतो. आणि तो प्रिंटर कुणी हात न लावता कागदामागून कागद बाहेर टाकत होता.

"मीच सांगून ठेवलंय त्याला," मी म्हणाले. "बंद झालेल्या फायलींतले मूळ कागद ज्याचे त्याला परत द्यायचे. आपले कागद घेऊन जा, एवढंच लिहितोय तो."

काकांनी वरचा कागद उचलून डोळ्यांपासून लांब धरला. "श्रीमती सोजरबाई किसन खंदारे, मुक्काम वाघजाळी." दुसरा उचलला. "श्रीमती कोंडाबाई रामजी शेवाळे..." तिसरा उचलला आणि वाचायचे थांबले. मग गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या, माझ्यासमोर ठेवला आणि "माठ भरतो" म्हणून मागच्या अंगणात गेले.

माठ भरलेलाच होता. सकाळी मी भरला होता.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. परभणीपासून तासाभरावरचं आमचं तालुक्याचं गाव. तिथे ॲडव्होकेट दिगंबरराव वालूरकर यांच्याकडे मी सहा वर्षं ज्युनिअर होते. सगळा तालुका त्यांना भाऊसाहेब म्हणायचा. जमिनीच्या दाव्यांत त्यांच्या तोडीचा वकील आसपास नव्हता. वय चौऱ्याहत्तर, पण आवाज अजून खणखणीत. निवृत्ती काका गिराम हे त्यांचे कारकून, चाळीस वर्षांपासूनचे. फायली शिवणं, नकला काढणं, डायरीत तारखा लिहिणं, सगळं काकांच्या हातून व्हायचं. त्याआधीच्या दिवाळीत डायरीत एक तारीख चुकली आणि एका म्हाताऱ्या अशिलाचा दावा आमच्या गैरहजेरीत निकालात निघाला. तो म्हातारा ऑफिसच्या पायरीवर बसून रडला. तेव्हा मी हट्टच धरला, की सगळं कॉम्प्युटरवर टाकायचं.

"टाक," भाऊसाहेब म्हणाले. "माझं वय झालं, निवृत्तीचं झालं. काय ते सुटसुटीत करून टाक एकदा."

पुण्याच्या एका कंपनीचा निषाद नावाचा इंजिनिअर येऊन सगळं बसवून गेला. चार महिने काका जुन्या फायलींचे दोरे कापत होते, मी पान न् पान स्कॅन करत होते आणि काका पुन्हा फायली शिवत होते. दोन हजारांवर फायली झाल्या. तो प्रोग्राम कागद वाचायचा, तारखा काढायचा, आदल्या दिवशी अशिलाला मेसेज धाडायचा, नोटिशीचा कच्चा मसुदा करून ठेवायचा. आणि एकच माणूस चार फायलींत असला, तर चारही फायली एकत्र आणून त्या माणसाला एक क्रमांक द्यायचा.

त्या दुपारी छापून आलेल्या पत्रांपैकी एकोणीस पत्रांवर एकच क्रमांक होता. व्यक्ती क्रमांक ४१७.

मी ती नोंद उघडली. एकोणीस फायली, एकोणीस बायकांची नावं, आणि यंत्राच्या मते ती सगळी मिळून एकच बाई. १९८४ साली ती बत्तीस वर्षांची होती. १९८७ साली साठ. १९९१ साली सत्तावीस. अकरा गावांत राहत होती. कुठे धनगराची, कुठे माळ्याची, कुठे पाटलाच्या घरातली. आणि प्रत्येक ठिकाणी तिनं एकच कागद लिहून दिला होता. 'माहेरच्या जमिनीत मला हिस्सा नको. जमीन भावांच्या नावे करण्यास माझी हरकत नाही. संमती राजीखुशीने दिली.' खाली अंगठा. अंगठ्याच्या बाजूला 'माझ्या समक्ष दिला' असं लिहून भाऊसाहेबांची लपेटदार सही.

नोंदीच्या तळाशी लाल अक्षरांत एक ओळ होती. 'या व्यक्तीचा सध्याचा पत्ता अपूर्ण आहे. कृपया भरा.'

यंत्राची चूक, दुसरं काय! मी तासभर बसून एकोणीस बायका वेगळ्या केल्या, प्रत्येकीला वेगळा क्रमांक दिला. सकाळी येऊन बघते, तर त्या पुन्हा एक झालेल्या. 'कृपया भरा.' मी पुन्हा वेगळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग निषादला फोन लावला.

"मॅडम, तुम्ही तोडता, ते रात्री तपासणी करून पुन्हा जोडतं," तो म्हणाला.

"पण नावं वेगळी आहेत, गावं वेगळी आहेत. कशावरून जोडतं?"

"जिथे सही नाही तिथे ते नावावर जात नाही. अंगठ्यावर जातं."

"अरे, स्टँपपॅडचे अंगठे ते. सगळे काळे डागच की."

"आपल्याला डाग दिसतात, मॅडम. त्याला रेषा दिसतात."

फोन ठेवून मी एकोणीस अंगठे मोठे करून एकाशेजारी एक लावले. प्रत्येकात, वरच्या डाव्या बाजूनं खाली तिरकी उतरलेली, एक पांढरी रेघ होती. जुन्या जखमेची असावी तशी. एकोणीस बायकांना एकाच जागी, एकाच लांबीची जखम.

त्या दिवसापासून ती बाई माझ्या मागे लागली. ती या गावातून त्या गावात चालत जाते, वय बदलते, जात बदलते, कुणाच्या तरी ओसरीवर टेकते आणि 'मला काही नको' म्हणून उठते, असं काहीबाही मनात यायचं. भर उन्हात कोर्टाच्या ओट्यावर एखादी म्हातारी एकटी बसलेली दिसली, की माझी नजर तिच्या हाताकडे जायची. ऑफिसात पंखा बंद केला, की आपल्याशिवाय आणखी कुणीतरी इथे आहे असं वाटायचं.

भाऊसाहेबांना मी पडद्यावर सगळं दाखवलं. ते खुर्चीतून वाकले, चष्मा वर केला, खाली केला.

"यंत्राचं डोकं फिरलंय," ते म्हणाले. "काढून टाक तो क्रमांक." आणि पेपर उघडून बसले.

मी काढून टाकला नाही, पण ती एकोणीस पत्रं मात्र पाठवायची नाहीत असं ठरवलं. माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आणि कुलूप लावलं.

आठ-दहा दिवसांनी, अशाच एका टळटळीत दुपारी, दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. विटकं नऊवारी लुगडं, पायांत रबरी चपला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. एस.टी. स्टँडपासून चालत आली असावी, चेहरा लालबुंद झाला होता.

"वकिलाचं हापिस हेच का, माय?"

"हो. बसा. पाणी घ्या आधी."

ती बाकावर न बसता भुईवर बसली. पिशवीतून घडी केलेला कागद काढून तिनं माझ्यापुढे धरला. "हे पत्र आलं मला. माझा कागद हाय म्हनं तुमच्यापाशी."

ते पत्र मी ओळखलं. ते मी कुलपात ठेवलेलं पत्र होतं. मी चावी लावून खण ओढला. खण रिकामा होता. एकोणीसच्या एकोणीस पत्रं गेली होती.

"पोस्टमननं वाचून दाखवलं," म्हातारी सांगत होती. "म्हनला, जमिनीचा कागद आसंल. मी म्हनलं, भावांनी शेवटी काईतरी केलं वाटतं माझ्या नावानं. लई वर्सांनी सय आली त्यांना माझी."

हात सवयीनं चालले. फाईल पडद्यावर आणली आणि खात्री करायला नाव मोठ्यानं वाचलं. "सोजरबाई किसन खंदारे, माहेर धामणटाकळी?"

"व्हय," म्हातारी म्हणाली.

"हो," फायलींच्या कपाटाआडून काका म्हणाले.

दोघंही एकदमच. मला वाटलं, काका फाईल सापडली म्हणताहेत.

"बाई, यात लिहिलंय, की १९९२ साली तुम्ही इथे येऊन अंगठा दिलात. माहेरच्या जमिनीत हिस्सा नको म्हणून."

"म्या?" ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "ही पायरी तर मी आज पैल्यांदा चढले, माय. अन् जमीन कसली? बाप गेला तवाच भाऊ म्हनले, सोजरे, जमीन तलावात गेली, सरकारनं घेतली, आता काईच न्हाई." बोलता बोलता तिचं हसू हळूहळू उतरत गेलं. "इथं लिव्हलंय का, की जमीन हाय?"

तिचे भाऊ आमचे अशील होते. अशिलाच्या फायलीतलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा मला भाऊसाहेबांनीच दिलेला. मी पडद्यावरची फाईल बंद केली.

"कागद नको मला," ती म्हणाली. "येवढंच सांगा. जमीन हाय का?"

"आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं पत्राची पुन्हा घडी केली, पिशवीत घातली. पाणी न पिताच उठली आणि उन्हात निघून गेली. मी कपाटामागे डोकावले, तर काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. हातात फाईल नव्हती.

"काका, तो खण कुणी उघडला?"

"चावी तुमच्यापाशी असते, ताई," ते म्हणाले. खरंच होतं. पण दुसरी चावी त्यांच्या जुडग्यात होती, हे मला आठवायला हवं होतं. त्या वेळी माझ्या डोक्यात भलतंच काहीतरी चालू होतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन एक पत्र परत घेऊन आला. पाकिटावर 'मयत' असा शेरा. कोंडाबाई रामजी शेवाळे.

"ही माझी चुलत आजी," पोस्टमन म्हणाला. "तिला पत्र कुणी धाडलं म्हणून घरचे भ्यालेच की. मी चौथीत होतो तेव्हा गेली ती. एकोणनव्वद सालच्या पोळ्याला."

तो गेल्यावर मी कोंडाबाईची फाईल उघडली. संमतीपत्र १९९४ सालचं होतं. मरून पाच वर्षं झाल्यावर ती बाई आमच्या ऑफिसात आली होती आणि 'मला काही नको' म्हणून अंगठा देऊन गेली होती.

मी उठून पुढचं दार सताड उघडं करून ठेवलं आणि त्या दिवशी काम दारातल्या खुर्चीत बसूनच केलं.

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, निषादनं कुरिअरनं पाठवलेली काचेची छोटी डबी मी कॉम्प्युटरला जोडली. काकांच्या लक्षात पासवर्ड राहत नसे. अंगठा ठेवला, की त्यांना थेट काम सुरू करता येईल, अशी सोय.

"काका, इथे अंगठा ठेवा. एकदा ओळख झाली की झालं."

काकांनी उजवा हात पुढे केला. अंगठा काचेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला, डावा हात सदऱ्याला पुसला आणि डावा अंगठा काचेवर दाबला. फार वेळ दाबून धरला.

"झालं, काका. उचला."

"झालं ना?" ते म्हणाले.

सकाळी मी दहाच्या सुमाराला आले. दार उघडं होतं, झाडलोट झालेली, उदबत्ती लावलेली. आत कुणी नव्हतं. काका चहा सांगायला गेले असावेत. कॉम्प्युटर चालू होता. मी पर्स ठेवली आणि पडद्याकडे पाहिलं.

'व्यक्ती क्रमांक ४१७. सध्याचा पत्ता: हेच कार्यालय. उपस्थित, सकाळी ९:५२.'

मी आधी बाकाकडे पाहिलं. मग कपाटांच्या मधल्या बोळात. मग मागच्या अंगणात, न्हाणीच्या दारामागे. "कोण आहे?" असं मी मोठ्यानं विचारलंसुद्धा. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. मी पुन्हा पडद्यापाशी आले. ती ओळ तशीच होती. उपस्थित.

पायरीवर चपला वाजल्या. काका किटली घेऊन आत आले. माझं तोंड बघून त्यांनी पडदा पाहिला आणि किटली जपून टेबलावर ठेवली.

"ओळखलं त्यानं," ते म्हणाले.

त्यांनी डावा हात उलटा करून माझ्यापुढे धरला. अंगठ्याच्या पेरावर तिरकी उतरलेली तीच पांढरी रेघ. फायली शिवायचं दाभण कधीकाळी घुसलं होतं, ती खूण. सहा वर्षं मी त्या हाताचा चहा प्यायले होते.

"बसा, काका," मी म्हणाले.

"पहिली साळूबाई," ते उभ्यानंच बोलू लागले. "चौऱ्याऐंशी साल. भाऊ म्हणाला, बहीण बाळंत झालीय, अंगठ्याला तयार आहे, पण येता येत नाही. तारीख दुसऱ्याच दिवसाची. भाऊसाहेब म्हणाले, निवृत्ती, तुझा लाव. बाईचा काय न् बुवाचा काय, अंगठा सारखाच उठतो. मी लावला. त्यात काही वाटलं नाही, ताई, खोटं कशाला बोलू? मग हळूहळू गावोगावच्या भावांना कळलं, की इथे बहीण आणावी लागत नाही."

"किती जणी?"

त्यांनी बोटांवर मोजलं नाही, की डोळे मिटले नाहीत. एकोणीस नावं सांगितली, नवऱ्याच्या नावासकट, माहेर-सासरच्या गावांसकट. यंत्राच्या यादीत जो क्रम होता तोच.

"अंगठा लावताना त्या बाईचं नाव मनात घ्यायचो. नाहीतर हात पुढे व्हायचाच नाही. वाटायचं, निदान तिला कळेल. आता असं झालंय, की त्यातलं कुठलंही नाव कुणी घेतलं, की माझ्या तोंडून ओ जाते. परवा गेली. तुम्ही ऐकली. घरी बायको म्हणते, झोपेत कुणाकुणाला उत्तरं देता?"

"पत्रं तुम्हीच टाकलीत?"

"पोस्टात जाऊन, एकेक नाव वाचून. चाळीस वर्षांत त्यांच्या नावानं पहिल्यांदा खरा कागद निघाला होता या ऑफिसातून. तो कुलपात कसा राहू देऊ?"

अकरा वाजता भाऊसाहेब आले. मी आणि काका समोर उभे. पडद्यावर तीच ओळ. त्यांनी ती वाचली, आमच्याकडे पाहिलं आणि सगळं समजून खुर्चीत बसले. आवाज चढवला नाही. मला वाटतं, चढवला असता तर बरं झालं असतं.

"ऋजुता, तू शहरात शिकलीस. आपल्याकडे बहिणी हिस्सा सोडतातच. आज नाही सोडला तर उद्या, उद्या नाही तर भावाच्या पोराच्या लग्नात. जे व्हायचंच होतं ते मी लवकर केलं. बायकांच्या खेपा वाचल्या, भावांच्या तारखा वाचल्या. काम सुटसुटीत केलं. तूही तेच करतेस ना? माणूस न येता काम व्हावं, म्हणून तर आणलंस हे."

"कोंडाबाई मेलेली होती, भाऊसाहेब."

"मग तिचं तर काहीच गेलं नाही." ते पडद्याकडे वळले. "मी कागद जाळायला सांगत नाही, मी तसला माणूस नाही. तेवढ्या जोडण्या तोड आणि निवृत्तीचा अंगठा त्यातून काढ. एकोणीस बाया एकोणीस राहू देत. कोण कुणाला विचारायला येतंय?"

मी खुर्चीत बसले आणि त्यांनी सांगितलं ते करू लागले. हे लपवून काय उपयोग? त्यांनी मला उभं केलं होतं. माझ्या वडिलांच्या आजारपणात मला दोन महिने रजा दिली होती आणि माझ्या तारखा स्वतः सांभाळल्या होत्या. पडद्यावर प्रश्न आला. 'ही व्यक्ती कायमची काढून टाकायची आहे का? होय. नाही.' माझं बोट 'होय'वर जाऊन थांबलं.

"ताई," काका म्हणाले, "तुम्ही होय दाबलंत, तरी अंगठा माझ्या हातालाच राहणार."

मी 'नाही' दाबलं. माउसचा तेवढासा आवाज, पण त्या खोलीत तो फार मोठा वाटला.

भाऊसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. मग मान वळवली. "आणि निवृत्ती, तू?"

काकांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला.

आम्ही दोघं दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं वाघजाळीला गेलो. सोजरबाई नणंदेच्या मुलीच्या घरी राहत होती, पत्र्याच्या एका खोलीत. ती दारात शेंगा फोडत बसली होती. तिचं वकीलपत्र मला घेता येणार नव्हतं, तिच्या भावांच्या वकिलाकडे मी होते. पण तहसिलात अर्ज केला तर त्या संमतीपत्राची नक्कल कुणालाही मिळते, आणि ती घेऊन परभणीच्या एका वकीलबाईंकडे जायचं, एवढं मी सांगितलं. बाकीचं काकांनी सांगितलं. उकिडवे बसून, मान खाली घालून, एक शब्द न गाळता.

सोजरबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"त्या दिवशी कपाटामागून ओ दिली ती तुम्हीच न्हवं?"

"हो."

तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. काकांनाही वाटलं असावं, त्यांनी खांदे आवळून घेतले होते.

"भाऊ हायेत ते माझे," ती म्हणाली. "मागितला आसता तर दिलाबी आसता अंगठा. हसत दिला आसता. पर मला इचारायचं तरी. तीस वर्सं माझं माहेर तलावाच्या पान्याखाली हाय म्हनून मी तिकडं तोंड न्हाई केलं. भाऊबीजेला बी न्हाई. बुडाल्या घरी काय जायाचं, म्हनून."

काका रडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कोर्टात येऊन सांगू का मी?"

"सांगा की," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर कोन ऐकतंय?"

त्यांनी सांगितलं. स्वतःच्या नावानं, शपथेवर. त्यापायी त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला, जामिनावर सुटले, पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या खेपा सुरू झाल्या. मुलं बोलेनाशी झाली. भाऊसाहेबांनी ऑफिस बंद केलं आणि ते मुलाकडे निघून गेले. त्यांची सनद पुढे रद्द झाली. आमची पुन्हा गाठ पडली नाही. एकोणीसपैकी पाच घरची माणसं पुढे आली. बाकीच्यांनी 'आता भावाशी वाकडं कशाला' म्हणून पत्र फाडून टाकलं. एका बाईचा मुलगा तर माझ्या घरी येऊन ओरडून गेला, की तुम्ही आमची घरं फोडता. तज्ज्ञाचा अहवाल आला, त्यात अंगठा निवृत्ती गिराम यांचाच निघाला. तेव्हा सोजरबाईच्या भावांच्या मुलांनी तडजोड केली. भाऊ दोघंही तोवर वारले होते. काकाही त्याच वर्षी गेले, फौजदारी खटल्याचा निकाल लागायच्या आधी.

तिला पावणेदोन एकर आली. ताबा द्यायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. ज्वारी नुकतीच काढलेली, रानात धाटांचे बुडखे. मंडळ अधिकारी, तलाठी, गावातले चार-दोन लोक. बांधापलीकडे तिचा धाकटा भाचा, ज्ञानोबा, हाताची घडी घालून उभा. तलाव तिथून कितीतरी लांब, ऊन पडलं की नुसता चमकणारा.

मोजणी झाली, पंचनामा लिहून झाला. तलाठ्यानं ताबा पावती पुढे केली, स्टँपपॅड उघडलं. "आजी, इथे अंगठा."

सोजरबाईनं अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. तलाठ्यानं कागद उचलून पाहिला.

"पुन्हा लावा. पुसट आलाय."

तिनं पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. तलाठ्यानं स्वतः तिचा हात धरून, अंगठा रुमालानं पुसून, हळूच दाबला. कागदावर चार काळे गोळे उमटले होते. एकातही रेघ नव्हती. साठ वर्षं खुरपं धरून, कापूस वेचून, राखेनं दुसऱ्यांची भांडी घासून तिचा अंगठा गुळगुळीत झाला होता.

मंडळ अधिकाऱ्यांनी कपाळ पुसलं. "अहो, हा कुणाचाही असू शकतो. एवढ्या अंगठ्याच्या भानगडीनंतर यावर ताबा कसा देऊ मी?"

सोजरबाईनं काळा अंगठा वर धरून पाहिला. वारा सुटला होता, तिचा पदर फडफडत होता. "मग आता मी कोन म्हनायची, सायब?"

"तिला ओळखणाऱ्या दोघांनी सही द्यावी लागेल," अधिकारी शेवटी म्हणाले. "ही तीच बाई, असं."

मी पुढे होऊन सही केली. माझं नाव, पत्ता, तारीख. "दुसरं कोण?"

गावातले लोक एकमेकांकडे बघू लागले. तीस वर्षं ती गावात आलेली नव्हती, तिला ओळखणारं माणूस उरलंच नव्हतं. तेवढ्यात धाटं मोडल्याचा आवाज आला. ज्ञानोबा बांध उतरून खाली आला होता. त्यानं कुणाकडे न बघता पेन घेतलं, सही केली आणि अधिकाऱ्यांनी नातं विचारल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, "माझी आत्या आहे."

सोजरबाईनं अंगठ्याची शाई पदराला पुसली. त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"जेवून आलास का रे?" ती म्हणाली.